गाय पान्हा सोडत नाही, कालवड लाथ मारते: रक्तातलं किती, शिकलेलं किती, आणि करायचं काय

वासरू मेलं आणि गाय आटली. धार काढणारा गडी बदलला आणि सहा लिटरची गाय तीनवर आली. पहिल्या वेताची कालवड बकेट दिसली की पाय उचलते. नागपूरकडे हिंगणा, काटोल, उमरेडपासून शहरातल्या गोठ्यांपर्यंत ही तक्रार दर हंगामात फिरून येते, आणि तिच्यावर साधारण दोनच सल्ले मिळतात. एक म्हणतो, "जातच तशी आहे, विकून टाका." दुसरा म्हणतो, "सवय लावली की सगळं होतं." दोघंही अर्धंच सांगतात. वासराची ओढ किती तीव्र असेल आणि गाय किती लवकर बुजेल, हे बरंचसं जातीवर आणि आईबापांवर ठरतं. पण कोणत्या खुणेवर पान्हा सोडायचा आणि कोणत्या गोष्टीला घाबरायचं, हे ती गोठ्यात शिकते. शिकलेलं बदलता येतं. त्याला क्रम लागतो, आणि तो उलटा झाला की महिनाभराची मेहनत वाया जाते.

आधी पाहा, दूध कासेत आहे का

निम्म्या वेळा गडबड इथेच होते. धार काढण्याआधी कास दाबून पाहा आणि काढल्यावर पुन्हा पाहा. आधी तट्ट होती आणि नंतरही तशीच जड राहिली, तर दूध आहे, पण पान्हा येत नाही. आधीपासूनच सैल असेल तर दूध बनतच नाही. मग चारा, पाणी, ताप, गाभणपणा यांकडे वळा. खालचे उपाय त्या गाईसाठी नाहीत.

दुसरी खूण डेअरीच्या पावतीवर मिळते. पहिल्या धारांत फॅट एक-दोन टक्के असतं, शेवटच्या धारांत त्याच्या कितीतरी पट. गाय शेवटचं दूध ठेवून घेत असेल तर लिटर घटतात, फॅटही पडतं, पण एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) जवळपास जागेवर राहतो. पाणी मिसळलं तर फॅट आणि एसएनएफ दोन्ही खाली येतात. पावती नीट वाचली तर गड्यावर उगाच संशय घ्यावा लागत नाही.

वासरू असेल तर तिसरी परीक्षा. धार संपली असं वाटल्यावर वासरू काट्यावर तोला, पाच-सात मिनिटं पिऊ द्या, पुन्हा तोला. दीड-दोन किलोचा फरक आला तर तेवढं दूध कासेत राहिलं होतं.

लाथ मारणाऱ्या जनावरात आधी दुखणं शोधा. चारही सडांच्या पहिल्या दोन धारा काळ्या कापडावर किंवा वाटीत काढा. गाठी, पाणचट दूध, रक्त दिसलं, किंवा एखादा भाग गरम-कडक लागला तर ती दगडी (कासदाह) आहे आणि डॉक्टरांचं काम आहे. सडाला भेगा आहेत का, कासेवर पुटकुळ्या आहेत का, काढणाऱ्याची नखं वाढली आहेत का, तो अंगठा मुडपून सड ओढतो का, हेही पाहा. अंगठा मुडपून काढलेल्या दुधाने सड आतून दुखावतो. पूर्ण मुठीत धरून, वरून खाली बोटं मिटत दूध काढायला हवं. दुखणाऱ्या गाईला शिस्त लावायला गेलात तर ती एवढंच शिकते की माणूस जवळ आला की दुखतं.

कासेत नेमकं काय अडतं

गाय मुद्दाम दूध अडवत नाही, तेवढा ताबा तिच्याकडे नाही. कासेतल्या दुधाचा थोडाच भाग सडाच्या वरच्या पोकळीत असतो: विदेशी दुधाळ गाईत साधारण पाचवा हिस्सा, म्हशीत वीसावा. बाकीचं लाखो बारीक पिशव्यांत अडकलेलं असतं. सडाला स्पर्श झाला की निरोप मेंदूत जातो, तिथून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येतं आणि त्या पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळले जाऊन दूध खाली उतरतं. स्पर्शापासून दूध उतरेपर्यंत गाईत एक ते दीड मिनिट जातं, म्हशीत दोन मिनिटं, कधी त्याहून बरंच जास्त. जोर पाच ते सात मिनिटं टिकतो. म्हणून कास धुऊन कुणी फोन घ्यायला गेलं आणि पाच मिनिटांनी बसलं, की त्या वेळचा पान्हा वाया गेला.

गाय घाबरली किंवा दुखलं की अॅड्रेनलिन वाढतं आणि ही साखळी तुटते. १९४१ मध्ये एली आणि पीटरसन या संशोधकांनी धारेआधी गाईंजवळ कागदी पिशव्या फोडून, पाठीवर मांजर बसवून हे दाखवलं. घाबरलेल्या गाईंचं दूध उतरेना. आपल्याकडे मांजराची गरज पडत नाही. लग्नाचा डीजे, दिवाळीचे फटाके, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीच्या वाटेवरचे ढोल एवढे पुरतात. अशा एका वेळेचं दूध कमी आलं तर काही बदलू नका, पुढच्या वेळी ते येतं. त्याच संध्याकाळी घाईने इंजेक्शन टोचलं की खरा त्रास सुरू होतो. त्याबद्दल पुढे.

रक्तातला भाग

नागपूर-वर्ध्याकडची गवळाऊ ही कामाची, चपळ जात. पिढ्यान्‌पिढ्या तिची निवड झाली ती वेगाने चालणाऱ्या बैलांसाठी, दुधासाठी नव्हे. एका वेताचं (व्यायल्यापासून आटेपर्यंतचं) दूध साधारण ६०० लिटरच्या आसपास. वासरू जगलं तर बैल मिळणार, त्यामुळे वासराला घट्ट धरून राहणारी गाय मालकाला हवीच होती. होल्स्टीन आणि जर्सीचं उलट झालं. तिकडे वासरू वेगळं करून दूध काढण्याची रीत पडली, आणि वासराशिवाय पान्हा न सोडणारी गाय कळपातून बाद होत गेली. कुणी ठरवून "पान्ह्याची निवड" केली नसली तरी परिणाम तोच झाला. गीर आणि साहिवाल दुधाला चांगल्या, पण वासराची गरज त्यांनाही बरीच लागते.

अडचण येते ती संकरित गाईत. अर्ध्या रक्ताच्या दोन सख्ख्या बहिणींत एक बकेटच्या आवाजावर पान्हा सोडते आणि दुसरी वासराशिवाय हलत नाही. प्रत्येकीला आईबापांकडून वेगळे जनुक आले, यात नवल नाही. म्हणून "संकरित आहे, वासरू लागत नाही" हा विक्रेत्याचा शब्द खरा धरू नका.

धारेच्या वेळच्या स्वभावाची अनुवंशिकता बहुतेक अभ्यासांत ०.१ ते ०.२५ अशी येते. याचा अर्थ तुमच्या गाईची दहा टक्के लाथ रक्तातली आणि नव्वद टक्के शिकलेली, असा होत नाही. कळपातल्या गाईगाईंमध्ये जो फरक दिसतो, त्यातला तेवढा वाटा जनुकांच्या फरकाने समजतो, इतकाच तो आकडा. एका गाईबद्दल तो काही सांगत नाही. वळूची निवड करताना मात्र उपयोगी पडतो: शांत मुली देणारा वळू सतत वापरला तर दोन-तीन पिढ्यांत कळपात फरक दिसतो, एका वेतात दिसत नाही.

आणखी एक फसगत. लाथ मारणाऱ्या गाईची कालवडही लाथ मारते म्हणून लोक रक्ताला दोष देतात. पण ती कालवड त्याच गोठ्यात, त्याच ओरडणाऱ्या माणसाच्या हाताखाली, बुजलेल्या आईच्या शेजारी वाढली आहे. खात्री करायची तर त्या गाईच्या पुढच्या वासराला दुसऱ्या दावणीत, दुसऱ्या माणसाच्या हाती वाढवून पाहा.

शिकलेला भाग

पाव्हलोव्हच्या कुत्र्यांची लाळ अन्नाआधीच्या खुणेवर सुटू लागली, तसाच पान्हाही शिकलेल्या खुणेवर येतो. खूण काहीही असू शकते: बकेटचा आवाज, ढेपीचं (पेंडीचं) घमेलं, ठरावीक माणसाचा वास, कासेवर पडलेलं कोमट पाणी. देशी गाईत सगळ्यांत जबर खूण वासरू, आणि तेही स्वतःचं. आई-वासराची ओळख पहिल्या काही तासांत, मुख्यतः चाटण्या-हुंगण्यातून पक्की होते. व्यायल्याबरोबर पाच मिनिटांचा सहवासही पुरतो.

नवी खूण जुन्या खुणेच्या आधी यायला हवी, इथेच बहुतेक जण चुकतात. आधी वासरू सोडलं, पान्हा आला, मग ढेप टाकली, तर ढेप कधीच खूण होत नाही. जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. बकेट वाजवा, ढेप ठेवा, कास धुवा, आणि मग वासरू आणा. रोज हाच क्रम, हीच जागा, जमेल तितका हाच माणूस.

वासरू आहे, पण त्याच्यावरचं अवलंबन कमी करायचं आहे

पहिले चार-पाच दिवस वरच्या क्रमाने सगळं करून शेवटी वासराला चारही सडांवर मिळून मिनिटभर चोखू द्या. मग त्याला गाईच्या तोंडाशी बांधा, म्हणजे ती चाटत राहील, आणि धार काढा.

पुढचे पाच-सहा दिवस आधी चोखू देऊ नका. वासरू तोंडाशीच असेल, पण सडांना हात तुमचा. कोमट पाण्याने धुऊन, स्वच्छ फडक्याने पुसून, साठ ते नव्वद सेकंद कास चोळा आणि सड फुगल्यावरच बसा. वासराचं पिणं धारेनंतर.

त्यानंतर वासरू रोज हातभर दूर बांधत जा, गाईला दिसेल इतपत. दूध सलग दोन वेळा एक पंचमांशाहून जास्त घटलं तर एक पायरी मागे या, दोन दिवस थांबा, पुन्हा पुढे जा. संकरित गाय तीन आठवड्यांत बहुधा वासराशिवाय उभी राहते. गवळाऊ पुष्कळदा "वासरू समोर दिसलं पाहिजे" या पायरीवर अडते. तिथेच थांबा. त्यापुढे खेचून हाती काही येत नाही, उलट वेत लवकर संपतं.

ढेपीबद्दल थोडं. रोजच्या खुराकात भर घालायची नाही; त्यातला किलोभर भाग धारेसाठी राखायचा. सरकी ढेप, तुरीची चुनी आणि चोकर कुटारात (भुशात) मिसळून द्या, म्हणजे आठ-दहा मिनिटं पुरतं. धार चालू असताना घमेलं रिकामं झालं तर गाय मान फिरवते, अस्वस्थ होते, आणि पान्हा तिथेच थांबतो.

वासरू मेलं

त्यानंतरची पहिली धार फार महत्त्वाची. जुनी रीत म्हणजे मेलेल्या वासराचं कातडं मीठ लावून सुकवायचं आणि त्यात भुसा भरून समोर ठेवायचं. ती चालते, कारण ओळख वासाची आहे, आकाराची नाही. हेच कातडं दुसऱ्या समवयस्क वासराच्या पाठीवर बांधलं तर आणखी चांगलं. तीन-चार दिवसांत गाय त्याला पिऊ देऊ लागते आणि मग कातडं थोडं थोडं काढता येतं. पण वासरू गर्भपातात, संसर्गाने किंवा कारण न कळता मेलं असेल तर कातड्याला हात लावू नका. ब्रुसेला, म्हणजे गर्भपात घडवणारा संसर्ग, माणसालाही होतो; असं वासरू खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

कातडं नसेल तर गाईला तिच्या बाकीच्या सगळ्या खुणा जशाच्या तशा द्या: तोच माणूस, तीच वेळ, तीच जागा, तीच ढेप. फक्त कास चोळण्याचा वेळ तीन-चार मिनिटांपर्यंत वाढवा. पहिले काही दिवस दूध निम्मं येईल. राहिलेलं दूध कासेत साचून दगडी होऊ नये म्हणून दोनऐवजी तीन वेळा बसा. बहुतेक संकरित गाई आठ-दहा दिवसांत सावरतात. देशी गाय त्या वेतात पुढे आटून जाईल, ही शक्यता धरून चाला.

मुळात वासरं मरतात का, हेही पाहा. गोऱ्हा झाला की त्याच्या वाटचं दूध तोडलं जातं, आणि महिन्याभरात गाय आटली म्हणून तक्रार येते. व्यायल्यापासून दोन तासांत चीक, मग रोज वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध (२० किलोच्या वासराला दोन लिटर), आणि दहा-पंधरा दिवसांचं झालं की जंताचं पहिलं औषध डॉक्टरांना विचारून. म्हशीच्या पारड्यांत जंतांनी होणारी मरतूक जास्त, म्हणून तिथे हे अजिबात चुकवू नका.

कालवड लाथ मारते

लाथेचं गणित सोपं आहे. तिने पाय उचलला, तुम्ही हात काढला, तिची सुटका झाली. लाथेने काम होतं हे ती दोन-तीन वेळांत शिकते. त्यातही दहांतून दोनदाच सुटका झाली तर सवय जास्तच चिवट होते, कारण कधी फळ मिळेल याचा भरवसा नसला की जनावर प्रयत्न सोडत नाही.

म्हणून नियम एकच: हात निघतो तो पाय स्थिर असताना. खांद्यापासून सुरुवात करा, मग पाठ, बरगडी, मांडी, कास. जिथे ती आक्रसते तिथे हात न उचलता ठेवा, ती तीन अंक मोजेपर्यंत शांत राहिली की मग काढा. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं. लाथेवर फटका मारला तर हात काढण्याचं फळ तिला मिळतंच, वर भीतीही जोडली जाते, आणि भीतीत पान्हा येत नाही.

लाथेने काम होईनासं झालं की काही दिवस ती आधीपेक्षा जोरात मारते. हे अपेक्षित आहे. पुष्कळ जण नेमकं तेव्हाच हात टेकतात, आणि कालवड शिकते की हलकी लाथ चालत नसेल तर जोराची चालते. त्या दिवसांपुरता बंदोबस्त हवा. मागच्या दोन्ही पायांना गुडघ्याच्या वर आठाच्या आकड्यासारखी मऊ सुती दोरी, आणि गाठ ओढताच सुटणारी. दोरी धार सुरू होण्याआधी बांधा. लाथेनंतर बांधली तर ती शिक्षा ठरते. दुसरा माणूस शेपूट मुळाशी धरून हलकेच सरळ वर करून उभा राहिला तरी बहुतेक जनावरं पाय उचलत नाहीत, पण जोर लावला तर शेपटाचं हाड मोडतं.

खरी तयारी मात्र विण्याआधी तीन-चार आठवडे सुरू व्हायला हवी. धारेच्या जागी उभं करणं, बकेटचा आवाज, ढेप, कासेवर ओलं फडकं, सगळं रोज. फक्त सडातून काही पिळू नका. विण्याआधी सडाच्या तोंडाशी जे नैसर्गिक बूच असतं ते निघालं की दगडीला वाट मिळते. विण्याच्या आसपास कास सुजून कडक होते, तेव्हा हात आणखी हलका.

माणूस, जागा किंवा वेळ बदलायची असेल

दोन गोष्टी एकदम बदलू नका. नवा गडी येणार असेल तर पहिले तीन दिवस त्याने नुसती ढेप टाकावी, पुढचे तीन दिवस कास धुवावी, मग धारेला बसावं. जुना तोवर शेजारी उभा असावा. गोठा बदलताना माणूस जुनाच ठेवा.

नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारची धार ही वेगळी डोकेदुखी. पारा ४५ कडे असताना तीन-चार वाजता धापा टाकणाऱ्या गाईकडून पान्ह्याची अपेक्षा करू नका. वेळ सकाळी पाच आणि संध्याकाळी साडेसहा-सातकडे न्या, पण रोज पंधरा मिनिटांनी. धारेआधी अर्धा तास अंगावर पाणी मारून पंखा लावा; सड निथळते राहिले तर दूध खराब होतं, म्हणून कास कोरडी ठेवा.

इंजेक्शन

ऑक्सिटोसिनने पान्हा येतो, त्यात शंका नाही. पण ते रोज दिलं की सुई हीच खूण बनते, आणि बाहेरून मिळणाऱ्या मोठ्या मात्रेपुढे गाईच्या स्वतःच्या ऑक्सिटोसिनला कास नीट दाद देत नाही. मग सुई थांबवली की पान्हा पहिल्यापेक्षा अवघड होतो. औषध शेड्यूल एचमधलं आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा. आणि दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक काही टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमाखाली गुन्हा आहे. सुईची सवय लागलेली गाय घेतली असाल तर नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या दवाखान्यात दाखवून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवून घ्या. उतरवताना वरचा क्रम सोबत चालू हवा. नुसती सुई बंद केली तर कास भरलेलीच राहते.

गाय विकत घेताना

दोन वेळची धार डोळ्यांसमोर काढून घ्या, एक वासरासह आणि एक वासराशिवाय. काढणारा तोच असला तरी बसायच्या आधी तो काय काय करतो हे नीट पाहा आणि क्रम लिहून घ्या. विक्रेत्याने आदल्या वेळची धार चुकवून कास फुगवून ठेवलेली असू शकते, म्हणून दुसरी धार बरोबर बारा तासांनी. घरी आणताना वासरू, जुना दोर, धारेची बकेट आणि निदान आठवड्याची तीच ढेप सोबत आणा. नव्या गोठ्यात ओळखीच्या खुणा तेवढ्याच असतात.